अर्धशक्ती आणि संकोच : घरच्या घरी भारव्यायामाचा आरंभ

व्यायाम हा दिनचर्येचा अविभाज्य घटक आहे, हे आपणा वैद्यमंडळींना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. अभ्यंगानंतर व्यायाम आणि व्यायामानंतर उद्वर्तन व स्नान हा वाग्भटोक्त क्रम आपल्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेला असतो. तथापि आपल्या चोवीस वर्षांच्या व्यवसायात आपण किती रुग्णांना व्यायाम 'सांगितला' आणि त्यांपैकी किती जणांनी तो 'केला', याचा हिशेब प्रस्तुत लेखकाने एकदा मांडून पाहिला, तेव्हा हाती आलेले उत्तर समाधानकारक नव्हते. त्याहूनही अस्वस्थ करणारे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे होते. सांगणाऱ्या वैद्याने स्वतः तो किती केला?

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नातून जन्मला. त्याचे स्वरूप अनुभवकथनाचे असल्याने यापुढे 'मी' असेच लिहितो. सुज्ञ वाचकांनी त्यास आत्मप्रौढी मानू नये. प्रौढी मिरवावी असे त्यात फारसे काही नाही, हे लवकरच लक्षात येईल.

एक पावसाळी सकाळ

२०२१ सालचा जून महिना. पहाटेच्या सुमारास न्हाणीघरात आईचा पाय घसरला आणि ती खाली बसली. तिचे वय तेव्हा एकोणऐंशी. सुदैवाने अस्थिभंग नव्हता. सांधे, कटी व ऊरूची तपासणी करून मी तशी खात्री करून घेतली. वैद्य म्हणून तेवढे मला येत होते. मात्र पुढचे आले नाही. काखेत हात घालून मी तिला उठवू लागलो, पण तिचे शरीर वीतभरही वर येईना. दुसऱ्या प्रयत्नात माझाच तोल गेला. तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "अरे, राहू दे. तुझ्याने व्हायचं नाही. शेजारच्या पोराला हाक मार."

शेजारचा मुलगा आला आणि त्याने तिला अलगद उचलून पलंगावर ठेवले. आईच्या बोलण्यात लवमात्र कठोरपणा नव्हता आणि म्हणूनच ते अधिक लागले. त्या दिवशी चिकित्सालयात बसलो असता एका मधुमेही गृहस्थाच्या केसपेपरवर मी नित्याप्रमाणे 'नियमित व्यायाम करावा' असे लिहिले आणि लिहिताना प्रथमच हात अडखळला.

त्याच आठवड्यात मी पाच-पाच किलोच्या डंबेलांची जोडी विकत घेतली. दुकानदार परिचयाचा होता. त्याने विचारण्यापूर्वीच मी "मुलासाठी हवी आहे" असे सांगून टाकले. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, रोग्यांना आरोग्य शिकविणाऱ्या मनुष्याने एवढ्याशा गोष्टीसाठी खोटे बोलावे, याचे आज हसू येते. त्या वेळी मात्र मान वर करवली नव्हती.

घरी आल्यावर खोलीचे दार लावून घेतले. शास्त्रोक्त क्रम पाळावा म्हणून प्रथम सर्वांगास तीळतेलाचा अभ्यंग केला. परिणामी पहिल्याच प्रयत्नात डंबेल तेलकट हातातून निसटून फरशीवर आदळले. "काय पडलं?" असे सौभाग्यवतींनी बाहेरून विचारले. "काही नाही, पुस्तक" असे दुसरे असत्य बोलून मी हात पुसले आणि ईर्ष्येने, मोजदाद न ठेवता, दमेपर्यंत ती जोडी उचलत राहिलो. पुढचे तीन दिवस खांद्याच्या वर हात जाईना. नाडीपरीक्षणासाठी हात पुढे केला तरी मुखावर वेदना उमटे. चौथ्या दिवशी ती जोडी पलंगाखाली गेली आणि तीन महिने तेथेच धूळ खात राहिली.

संकोचाची दोन रूपे

या तीन महिन्यांत मी ग्रंथ पुन्हा चाळले. व्यायामाचे गुण पाठ होते. शरीराचे लाघव, कर्मसामर्थ्य, अग्निदीप्ती, मेदःक्षय, घट्ट व सुविभक्त गात्रे हे सारे आपण परीक्षेत लिहिलेले असते. या वेळी मात्र मी रुग्णाच्या दृष्टीने वाचीत होतो आणि त्यामुळे पूर्वी नजरेआड झालेल्या दोन जागा डोळ्यांत भरल्या.

पहिली जागा चरकसंहितेच्या निदानस्थानातील शोषनिदानाची. वेगसंधारणामुळे होणारा शोष वर्णिताना चरकाचार्य मनुष्य वेग का रोखतो याचीही कारणे देतात. राजा, स्वामी वा गुरुजन यांच्या समीप बसलेला मनुष्य भयाने रोखतो, लज्जेने रोखतो. म्हणजे लज्जा ही केवळ मनाची एक अवस्था नसून ती व्याधीच्या हेतुपरंपरेत बसू शकते, हे आचार्यांच्या दृष्टीतून सुटलेले नाही. लज्जेने वेग रोखला जातो, तद्वत् लज्जेने हितकर कर्मही रोखले जाते, असा विस्तार केल्यास तो शास्त्रविरोधी ठरू नये असे मला वाटते.

दुसरी जागा त्याच अध्यायातील साहसाची. दुर्बल मनुष्य बलवानाशी झुंजतो किंवा प्रमाणाबाहेर भार उचलतो, तेव्हा त्यास उरःक्षत होऊन शोष जडतो, असे तेथे प्रतिपादन आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातही अतिव्यायाम करणाऱ्याची तुलना हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाशी केली आहे. सिंह दुर्बल नसतो, तथापि ओढायची वस्तू त्याच्या मापाची नसते.

या दोन जागा शेजारी ठेवल्यावर माझ्या फजितीचा उलगडा झाला. संकोच दोन प्रकारे घात करतो. एक तर तो आरंभच करू देत नाही; 'या वयात आपल्याला हे शोभेल का, लोक काय म्हणतील' असे म्हणत वर्षे जातात. दुसरे, तो आरंभ करू देतो, पण दुसऱ्याच्या मापाने. एक किलोची जोडी मागताना दुकानदारासमोर कमीपणा वाटला म्हणून मी पाच किलोची घेतली होती. व्यायाम न करणे आणि साहस करणे ही वरकरणी परस्परविरुद्ध दिसणारी दोन्ही टोके एकाच मुळातून निघाली होती.

या दोहोंवर शास्त्राने दिलेला उपाय एकच आहे : अर्धशक्ती. येथे विचारात घ्यावयाची शक्ती ही त्या त्या व्यक्तीची स्वतःची होय. सुश्रुताचार्यांनी वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम करावा असे सांगितले, त्यात शेजाऱ्याच्या बलाचा समावेश केलेला नाही. ज्याचे बल अल्प, त्याचे बलार्धही अल्प; परंतु ते त्याच्यापुरते पूर्णतः योग्य. अर्धा लिटर पाण्याची बाटली उचलणारी साठीची स्त्री आणि चाळीस किलो उचलणारा तालमीतला तरुण, दोघेही आपापल्या बलार्धापर्यंत गेले तर शास्त्राच्या दृष्टीने दोघांनी समान कर्म केले. हे एकदा मनात ठसले की लाजण्याचे कारण उरत नाही.

बाईंचा प्रश्न

तरीही पलंगाखालची जोडी बाहेर काढण्यास निमित्त झाले ते एका रुग्णेचे. त्या निवृत्त शिक्षिका. वय एकसष्ट, प्रकृती वातप्रधान, गुडघ्यांची कुरकुर, अस्थींची घनता कमी झाल्याचा अहवाल. तिसऱ्या भेटीत त्यांनी केसपेपर माझ्यापुढे ठेवला आणि शाळेत वही तपासताना ठेवावे तसे बोट एका ओळीवर ठेवले.

"वैद्यराज, औषधाला तुम्ही मात्रा लिहिता, अनुपान लिहिता, जेवणाआधी की नंतर तेही लिहिता. इथं मात्र नुसतं 'व्यायाम करावा' लिहिलंय. कोणता? किती? आणि मुख्य म्हणजे कुठं? घरात सून आहे, नातवंडं आहेत. मी बाटल्या उचलत बसले तर हसतील सगळे."

मी निरुत्तर झालो. अश्वगंधा चूर्ण किती व कशासोबत द्यावे याचा आपण सूक्ष्म विचार करतो. परंतु चरकाचार्यांनी व्यायामाची व्याख्या करतानाच तो मात्रेने करावा असा निर्देश केला असताना आपल्या व्यवस्थापत्रावर त्याची मात्राच नसते. बाईंना मी प्रामाणिकपणे सांगितले, "बाई, मी स्वतःही दार लावूनच सुरुवात केली होती आणि तीही चुकीची. आपण दोघेही नव्याने आरंभ करू." त्या प्रथमच मोकळेपणाने हसल्या.

बल 'करता' येते

येथे एका मूलभूत सिद्धांताचे स्मरण उचित ठरेल. बल त्रिविध आहे : सहज, कालज आणि युक्तिकृत. सहज बल जन्माने मिळते, कालज बल ऋतू व वय यांवर अवलंबून असते. परंतु युक्तिकृत बल आहार व चेष्टा यांच्या योजनेने निर्माण करता येते. 'आमच्या घराण्यात सगळे असेच काटकुळे' किंवा 'आता वय झाले' असे म्हणणारा रुग्ण पहिल्या दोन बलांविषयी बोलत असतो. तिसऱ्याकडे त्याचे लक्ष वेधणे हे वैद्याचे काम होय.

आधुनिक संशोधनातूनही याला पुष्टी मिळते. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा परंतु बहुचर्चित अभ्यासात वृद्धनिवासातील नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींना पायांच्या स्नायूंसाठी आठ आठवडे भारव्यायाम दिला गेला. पूर्ण काळ टिकलेल्या नऊ जणांच्या बलात सरासरी १७४ टक्के वाढ आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुसमूहांना बल देणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे आणि पासष्टीच्या पुढील व्यक्तींनाही त्यातून वगळलेले नाही.

आपल्या लोकांस हा विषय विशेष लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्रज सहकारी प्रा. युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून कृश दिसणाऱ्या भारतीय शरीरात मेद अधिक व मांसधातू कमी असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखविले. काट्यावरचे वजन 'योग्य' आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्या रुग्णाला हे उदाहरण मी आवर्जून सांगतो. मलाही ते तितकेच लागू होते.

निम्म्यापासून आरंभ

भाराची मात्रा ठरविण्याचा पद्धतशीर प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातील चिकित्सक थॉमस डीलॉर्म यांनी केला. जखमी सैनिकांचे दुर्बल स्नायू पूर्ववत करण्यासाठी त्यांनी भार क्रमाने वाढविण्याची पद्धत अवलंबिली व १९४५ साली ती प्रसिद्ध केली. पुढे १९४८ साली वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी मांडलेली योजना अशी : रुग्ण जास्तीत जास्त दहा वेळा उचलू शकेल असा भार प्रथम निश्चित करावा, पहिली फेरी त्याच्या निम्म्या भाराने, दुसरी पाऊण भाराने आणि तिसरी पूर्ण भाराने करावी. यातील निम्मा भार व पावापावाची वाढ पाहून आपल्या ग्रंथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि त्यांची तिसरी फेरी अर्धशक्तीच्या पलीकडे जाते, म्हणून दोन्ही एकच असा दावा करू नये. संकोची आरंभकाला पहिल्या महिन्यात तिसऱ्या फेरीची आवश्यकताही नसते.

पावापावाने वाढविण्याचा आपला स्वतंत्र आधार चरकसंहितेच्या त्याच सातव्या अध्यायात आहे. अहितकर सवय सोडताना व हितकर सवय अंगीकारताना ती एकदम न बदलता पादांशक्रमाने, मध्ये अंतर ठेवून बदलावी, असा तो सुप्रसिद्ध उपदेश. व्यायामाची सवय ही हितकर सवयच असल्याने हा क्रम येथे लावणे युक्तिसंगत आहे.

तालमीत हे काम वस्ताद करीत असे. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी कोणी दगडी नाल उचलावयास देत नसे. जोर-बैठकांची संख्या वस्ताद ठरवी, वाढवी आणि प्रसंगी कमीही करी. घरच्या खोलीत एकट्याने आरंभ करणाऱ्यास असा वस्ताद नाही. ती उणीव वैद्याच्या व्यवस्थापत्राने भरून काढली पाहिजे.

व्यवस्थापत्र

मी बाईंना जे लिहून दिले व स्वतः आचरिले, ते वैद्यबंधूंच्या उपयोगासाठी येथे देत आहे. खर्च जवळपास शून्य. साधने : एक भक्कम खुर्ची, एक भिंत, एक लिटरच्या दोन बाटल्या आणि मूठ असलेले पाच लिटरचे तेलाचे दोन रिकामे कॅन. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो; त्यामुळे पाव लिटर पाणी ओतले की भार पाव किलोने वाढतो. पादांशक्रमासाठी याहून सोयीचे साधन मला सापडले नाही. शिवाय रिकामा कॅन पाहून कोणी काही विचारीतही नाही.

१. खुर्चीवरून ऊठबस : हातांचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. गुडघे दुखत असल्यास आसनावर उशी ठेवून उंची वाढवावी.

२. भिंतीवरील जोर : भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहात भिंतीवर टेकावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी व पुन्हा मागे यावे.

३. जमिनीवरून भार उचलणे : कॅन दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवावा. पाठ गोल न करता नितंब मागे न्यावेत, गुडघे किंचित वाकवावेत व भार शरीराजवळ ठेवून उभे राहावे. आईला उठविताना माझी चूक नेमकी येथे झाली होती. मी केवळ कमरेतून वाकलो होतो.

४. भार कमरेकडे ओढणे : एक हात खुर्चीवर टेकून पुढे झुकावे व दुसऱ्या हाताने कॅन कमरेपर्यंत ओढावा. नंतर हात बदलावा.

५. भार डोक्यावर नेणे : बाटल्या खांद्याशी धरून वर न्याव्यात. खांदा आखडलेल्यांनी वेदना होईल त्याच्या अलीकडेच थांबावे.

६. भार घेऊन चालणे : दोन्ही हातांत समान भार घेऊन घरातल्या घरात एक-दोन मिनिटे ताठ चालावे.

प्रत्येक क्रिया आठ ते दहा वेळा. चालणे वगळता सर्वांच्या दोन फेऱ्या. मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती. एकूण वेळ सुमारे पंचवीस मिनिटे. आठवड्यातून दोन दिवस, उदाहरणार्थ सोमवार व गुरुवार. मधले दिवस स्नायूंच्या भरणपोषणासाठी मोकळे. चालण्याचा नित्य व्यायाम यामुळे बंद करू नये.

मात्रेची खूण शरीरच देते. श्वास नाकाने न पुरता मुखावाटे घ्यावा लागणे हे बलार्धाचे लक्षण सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. कपाळ, नाक व काखेत घाम येणे आणि मुख कोरडे पडणे ही लक्षणे टीकाग्रंथांत आढळतात. त्याला मी एक व्यवहारातली खूण जोडतो : 'अजून दोन-तीन वेळा सहज जमेल' असे वाटत असतानाच थांबावे. भार वर नेताना श्वास सोडावा. तो कोंडून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकाएकी वाढतो. सलग दोन वेळा दहाही आवर्तने सुखाने झाली, तरच पुढच्या वेळी पाव लिटर पाणी वाढवावे.

अभ्यंगाविषयी स्वानुभवाची पुस्ती : तेल अवश्य लावावे, परंतु तळहात व तळपाय कोरडे पुसून मगच भारास हात घालावा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणे स्वाभाविक आहे व ते आपोआप शमते. सांध्यात टोचणारी वेदना, सूज किंवा चार दिवसांहून अधिक टिकणारे दुखणे हे मात्र मात्रा चुकल्याचे चिन्ह होय. पहिल्या काही आठवड्यांत आरशात कोणताही फरक दिसत नाही, हेही आधीच सांगून ठेवावे. या काळात वाढणारे बल मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक कुशलतेने कामास लावू लागल्याने वाढते; मांसाचा उपचय नंतर होतो. हे ठाऊक नसल्याने कित्येक आरंभक निराश होऊन सोडून देतात.

काल, आहार व निषेध

अर्धशक्तीपर्यंतचा व्यायाम हा बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी, तोही शीतकाल व वसंत ऋतूत. अन्य काळी तो मृदूच असावा. म्हणून उन्हाळ्यात व पावसाळ्यात मी भार वाढविण्याचे थांबवितो, प्रसंगी एक फेरी कमी करतो. या सवलतीचा मोठा लाभ असा की, खंड पडल्याची अपराधी भावना रुग्णाच्या मनात राहत नाही.

आहाराविना चेष्टा युक्तिकृत बल देऊ शकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास प्रतिदिन शरीरभाराच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस सुमारे पन्नास ग्रॅम. बाईंचा आहार पाहिला तेव्हा सकाळी चहा-बिस्किटे व रात्री दूध-भात एवढेच असे. मुगाचे धिरडे, उडदाचे घुटे, दूध, भाजलेले शेंगदाणे यांची अग्निबलानुसार योजना केली. ज्यांस चालत असेल त्यांनी अंडी घ्यावीत. अग्नी मंद असता उडदाचा मारा करू नये, हे सांगणे न लगे.

ज्वर, अजीर्ण, रक्तपित्त, श्वास-कासाचा वेग, भ्रम व नुकतेच झालेले भोजन या अवस्थांत व्यायाम वर्ज्य होय. कृशासही शास्त्राने व्यायाम निषिद्ध मानला आहे, मग कृशाने भार कसा उचलावा, अशी शंका येथे येऊ शकते. माझ्या मते क्षयाने वा शोषाने झालेले कार्श्य आणि बैठ्या जीवनाने आलेली मांसहीनता यांत भेद करावा. पहिल्यात बृंहण व विश्रांती प्रथम. दुसऱ्यात बृंहणाच्या जोडीने अत्यल्प मात्रेतील चेष्टा. याविषयी विद्वानांचे मतांतर असल्यास ते अवश्य कळवावे. अनियंत्रित रक्तदाब, छातीत दुखणे, आंत्रवृद्धी, मधुमेहजन्य नेत्रविकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास तज्ज्ञांच्या संमतीविना आरंभ करू देऊ नये.

दार उघडते

पहिले दोन महिने मी दार लावूनच व्यायाम केला आणि आता मला त्यात काही गैर वाटत नाही. अंकुराला आडोसा लागतो. रुग्णालाही मी तसेच सांगतो की, लाज वाटत असेल तर दार लावा, पण आरंभ करा. बाईंनी तर नातवंडे शाळेत गेल्यावरची वेळ निवडली होती. तिसऱ्या महिन्यात सूनबाईंनी त्यांना पाहिले. हसणे दूरच, "आई, मलाही शिकवा, माझी पाठ फार दुखते" असे ती म्हणाल्याचे बाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ज्या हास्याच्या भीतीने वर्ष गेले, ते हास्य प्रत्यक्षात आलेच नाही. वर्षभराने त्या हात न टेकता खुर्चीवरून उठत आणि पाच लिटरचा भरलेला कॅन जमिनीवरून उचलीत. गुडघ्यांची कुरकुर पूर्ण गेली नाही. पण जिना चढताना कठड्याला धरणे त्यांनी सोडले.

माझीही प्रगती अशीच मंद आहे. पलंगाखालची पाच किलोची जोडी डोक्यावर नेण्यास मला सात महिने लागले. पहिल्या दिवशी हीच जोडी घेऊन मी साहस केले होते. मध्यंतरी त्या दुकानात जाऊन थोडी जड जोडी मागितली. "मुलाची प्रगती चांगली दिसते," दुकानदार म्हणाला. "मुलाची नाही, माझी," असे उत्तर मी दिले. तो क्षणभर थांबला आणि मग हळूच विचारू लागला की, पन्नाशीनंतर सुरू केले तर चालते का.

२०२४ च्या जानेवारीत आई पलंगावरून उतरताना पुन्हा खाली बसली. प्रथम दुखापत नसल्याची खात्री केली. नंतर घाई न करता तिला गुडघ्यावर येऊ दिले, समोर खुर्ची ठेवली, तिचे हात खुर्चीवर टेकविले, मी मागून नितंब मागे नेऊन, पाठ सरळ ठेवून आधार दिला आणि ती उठली. निम्मे बल तिचे, निम्मे माझे. कोणाला हाक मारावी लागली नाही. आई काहीच बोलली नाही. खुर्चीत टेकून तिने नुसता चहा मागितला. त्या चहाइतके समाधान मला क्वचितच कशाने लाभले असेल.

दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्चीवरील ऊठबस सुरू केली. प्रथम तीन वेळा, तीही हात टेकून. आता दहा होतात. मोजते ती स्वतः, मोठ्याने. आणि खोलीचे दार उघडे असते.

वैद्यबंधु-भगिनींना एवढीच विनंती की, यापुढे 'व्यायाम करावा' हे दोन शब्द लिहून थांबू नये. कोणता, किती, केव्हा, कशाने आणि कोठे थांबावे, हे औषधाप्रमाणेच लिहून द्यावे. त्याआधी रुग्णाला एक प्रश्न अवश्य विचारावा की, व्यायाम करताना कोणी पाहील याची लाज वाटते का. उत्तर 'होय' असे आले, तर चिकित्सेचा आरंभ तेथूनच करावा. आणि हा प्रश्न सर्वप्रथम स्वतःस विचारावा.

इति शम्.